क्यू सत्तेचाळीस

हर्श ब्रॅनिक कधी खुर्चीत बसला नाही.
शेवटच्या रांगेमागच्या पितळी कठड्याला पोट टेकवून
उभ्यानेच बघायचा आख्खा प्रयोग,
टोपी हातात. डोक्यावर ती कधी चढली नाही.
डॅनबरीच्या टोप्यांच्या कारखान्यात त्याच्या बापाचे हात गेले होते,
म्हणजे होते जागेवर, पण पाऱ्याने थरथरायचे,
सूप तोंडाआधी टेबलावर पोचायचं.
हर्शचा हात मात्र हलला नाही
गाणं कापताना.

न्यू हेवन, एकोणपन्नासचा फेब्रुवारी.
पडदा पडला तेव्हा तीन तास दहा मिनिटं झाली होती.
हॉटेलच्या खोलीत रात्री दोनला
निर्माते, त्यांच्यातल्या एकाची बायको, गार पडलेली सँडविचेस,
संगीतकार बुटांसकट पलंगावर आडवा,
आणि मी रेडिएटरवर प्रॉम्प्टची वही वाळत घालून,
कारण कुणीतरी तिच्यावर कॉफी सांडली होती.
हर्श म्हणाला, "फिनर्टी, दुसऱ्या अंकातलं लोर्नाचं."
एवढंच.
वाक्याला क्रियापद नव्हतं, लागलंही नाही.

चांगलं गाणं होतं. नाटकातलं सगळ्यात चांगलं.
"म्हणूनच," तो म्हणाला,
"ते संपतं आणि लोक मनाने तिच्याबरोबर घरी जातात,
माझ्याकडे मात्र वीस मिनिटांचं नाटक उरतं."

लोर्ना टीगला सांगायला सकाळी मला पाठवलं.
ती केस बांधत होती, ओठांत चार पिना.
चारही संपेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, हिरवा झगा तरी राहतोय का?
झगाही राहत नव्हता.

वहीवर मी खोडरबर चालवलं.
दिवा, वाद्यवृंद, तिची पाच पावलं डावीकडे.
आकडे मात्र चालू नाटकात कुणी बदलत नाही,
एक सरकवला की पुढचे सगळे दिवे चुकतात.
सेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस.
तीन वर्षं, आठवड्याला आठ प्रयोग,
विंगेतल्या फोनवर मी म्हणायचे सेहेचाळीस,
एक श्वास घ्यायचे,
अठ्ठेचाळीस.
दिव्यांवरचा म्हातारा ड्यूगन हसायचा,
बाई, तुमचा एक आकडा खाली पडलाय.

मग हर्शला बोलावणं आलं.
लांब टेबल, पाण्याचे पेले, माइक.
त्यांनी नावं विचारली.
त्याने स्वतःचं सांगितलं, स्पेलिंगसकट,
आणि गप्प बसला.
सोमवारी थिएटरबाहेरच्या पोस्टरवर
तळाच्या ओळीत कागदाची पट्टी चिकटवलेली.
नाटक चालूच राहिलं. आत सगळे
त्यानेच आखलेल्या खडूच्या खुणांवर उभे राहत होते.

सहा उन्हाळे तो ओहायोत होता, भलत्याच नावाने.
मक्याच्या शेताला लागून तंबू, मधोमध गोल रंगमंच,
चारी बाजूंना माणसं आणि डास.
मला एकच पत्र आलं:
"इथे पाठ फिरवायची सोय नाही, फिनर्टी.
कुठेही वळा, समोर कुणीतरी पंख्याने वारा घेत असतं.
नटांना हळूहळू जमतंय. मला अजून नाही."

एकोणसाठला परतला.
कार्यक्रमपत्रिकेतला त्याचा परिचय मीच टाइप केला.
एकावन्न. त्याखाली एकोणसाठ.
छापखान्यातला पोऱ्या म्हणाला, मधली ओळ राहिली का?
म्हटलं, नाही, असंच छाप.

ते नाटक फिलाडेल्फियातच आटोपलं.
शनिवारी रात्री सेट ट्रकवर चढला,
आणि रविवारी न्यू जर्सीच्या डंपावर त्याला काडी लावली.
रंगवलेलं आकाश आधी पेटलं, त्याला वेळ लागत नाही.
हर्श शेवटपर्यंत उभा होता, टोपी हातात,
आणि टोपीचा काठ हलत होता. वारा नव्हता.

"लोर्नाचं ते," तो म्हणाला, "कसं होतं गं?"
मी आठवून बघितलं. त्यानेही.
चाल अर्ध्यावर तुटली, शब्द तर एकही येईना.
एवढंच माझ्याकडे उरलं होतं,
तेच मी चालून दाखवलं,
कोमट राखेत,
पाच पावलं डावीकडे.